सोरायसिस, इसब, गाजर गवताची ॲलर्जी: कातडीखाली नेमकं चालतं काय?

स्लाइडवाला (बेळगाव)

नमस्कार मंडळी.

मी बेळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बायोप्सीला आलेले कातडीचे तुकडे मेणात बसवायचे, पातळ काप काढायचे, रंगवून काचेवर चढवायचे, हे माझं रोजचं काम. निदान डॉक्टर करतात. पण रंग नीट चढलाय का हे बघायला मायक्रोस्कोपला डोळा लावावाच लागतो, आणि बघून बघून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. या आजारांत लोकांना दिसते ती कातडी, पण आतला कारभार चालवत असतात त्या रक्तातून येऊन तिथे ठाण मांडलेल्या पांढऱ्या पेशी. आपल्या भागात हे पोचलेलंच नाही. 'रक्त बिघडलंय', 'अंगातली उष्णता बाहेर पडतेय', 'त्याचं ताट वेगळं ठेवा'. खानापूरला जा, निपाणीला जा, चिकोडीला जा, हेच कानावर येतं. म्हणून हा धागा.

सोरायसिस म्हणजे अंगावर खपल्यांचे लाल चट्टे उठणारा आजार. त्याची स्लाइड कशी दिसते ते आधी सांगतो. नेहमीच्या रंगात पेशींची केंद्रकं निळी-जांभळी दिसतात आणि बाकी सगळं गुलाबी. निरोगी कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात केंद्रकं नसतात. त्या पेशी मेलेल्या, चपट्या, निव्वळ केराटिन (नखांतही असतं ते टणक प्रथिन). सोरायसिसमध्ये मात्र तिथेही निळे ठिपके दिसतात, कारण केंद्रक गळायला पेशीला वेळच मिळालेला नसतो. तळाला जन्मलेली पेशी वर येऊन झडायला एरवी साधारण महिना घेते, इथे तोच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. खालच्या बाजूला त्वचेच्या वळ्या लांबच लांब उतरलेल्या, आणि त्यांच्यामधून फुगलेल्या केशवाहिन्या पार वरपर्यंत आलेल्या. खपली ओढली की बारीक ठिपक्या-ठिपक्यांनी रक्त येतं ते यामुळेच. खपलीच्या आत न्यूट्रोफिल या जातीच्या पांढऱ्या पेशींचे छोटे पुंजके असतात, त्यांना मन्रोचे सूक्ष्म गळू म्हणतात. गळू म्हणायचं, पण आत जंतू एकही नाही! जंतूच नाही तर लागण कुठून होणार? ताट वेगळं ठेवणाऱ्यांना मला ही स्लाइड दाखवावीशी वाटते.

आता ही फौज जमते कशी? कातडीत पहाऱ्याला डेंड्रायटिक पेशी असतात. त्यांतल्या अगदी वरच्या थरातल्या पेशी पाउल लांगरहान्सने १८६८ साली बर्लिनमध्ये शोधल्या. तेव्हा तो २१ वर्षांचा, वैद्यकीचा विद्यार्थी होता. त्यांना फांद्या फुटलेल्या दिसल्या म्हणून त्याने त्या मज्जातंतूंच्या पेशी मानल्या. त्यांचं खरं काम कळायला शंभरावर वर्षं लागली. शरीरातल्या डेंड्रायटिक पेशींचा शोध लावणाऱ्या राल्फ स्टाइनमन यांना २०११ साली नोबेल मिळालं, आणि घोषणेच्या तीनच दिवस आधी ते वारले होते.

सोरायसिसमध्ये या डेंड्रायटिक पेशी आयएल-२३ नावाचा निरोप सोडतात. तो मिळाला की टी पेशींतली (याही पांढऱ्या पेशीच) टीएच-१७ ही जात चेतते आणि आयएल-१७ ओतायला लागते. आयएल-१७ पोचलं की कातडीच्या पेशी भराभर वाढतात आणि वर स्वतःच आणखी न्यूट्रोफिल, आणखी डेंड्रायटिक पेशी बोलावतात. त्या आल्या की पुन्हा आयएल-२३. हे चक्र आपणहून थांबत नाही.

फार जुनी समजूत नाही ही. १९७० च्या दशकापर्यंत सोरायसिस हा कातडीच्या पेशींचाच दोष मानत. १९७९ मध्ये सांधेदुखीच्या काही रुग्णांना सायक्लोस्पोरिन दिलं, तर त्यांचा सोरायसिसही निवळला. हे औषध टी पेशींना आवरतं. पुढे असंही दिसलं की अस्थिमज्जा बदलल्यावर काही रुग्णांचा सोरायसिस गेला, आणि सोरायसिस असलेल्या दात्याची मज्जा घेतलेल्या काहींना तो नव्याने झाला. म्हणजे आजार पेशींबरोबर प्रवास करतो.

कुणाला अनुभव, शंका असतील तर लिहा. डॉक्टर मंडळी असतील तर त्यांनी तर लिहावंच.

सांबरेकर

वाचतोय. स्लाइडचं वर्णन आवडलं. माझ्या चुलत्यांना न्हाव्याने दुकानातून परत पाठवलं होतं. त्या दिवसापासून ते घरीच दाढी करतात, लग्नाकार्याला जात नाहीत.

येळ्ळूरचा शेतकरी

डॉक्टर नसलो तरी लिहितो. आमच्यात भाताच्या बांधाला गाजर गवत माजलंय. भांगलायला गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पापण्या सुजूलालेत, मान आणि कोपराच्या खोबणीत खाज. ऊन लागलं की अजून भडकतंय. खाजवून खाजवून मान काळी पडल्या. मलम लावलं की बरं, सोडलं की परत. बायको म्हणते भाजी बदला, आई म्हणते दृष्ट काढा. हे पण त्या पेशींचंच काम काय?

त्वचावैद्य (सीमाभाग)

मी त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. धागाकर्त्यांनी उत्तम मांडलंय.

येळ्ळूरचे काका, होय, तुमचंही काम त्याच पेशींचं, पण तऱ्हा वेगळी. गाजर गवतात पार्थेनिन आणि त्याच्या जातीची रसायनं असतात. गवताची धूळ, सुकलेले कण, केसांसारखे बारीक तंतू वाऱ्याने उडतात आणि उघड्या अंगावर बसतात. म्हणून पापण्या, मान, कानामागे, कोपराची खोबण. एवढं रसायन एकटं टी पेशींच्या नजरेत भरत नाही. ते आपल्या कातडीतल्या प्रथिनाला चिकटतं, आणि हा जोड परका वाटतो. डेंड्रायटिक पेशी तो उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि तिथे टी पेशींना ओळख पटवून देतात. ही पहिली शिकवणी दहा-चौदा दिवसांची. त्या वेळी बाहेर काहीच दिसत नाही. पुढच्या वेळी मात्र शिकलेल्या पेशी एक ते तीन दिवसांत धावून येतात. शेतात गेलेल्या दिवशी काही नाही आणि दोन दिवसांनी सूज, असं होतं ते त्यामुळे, आणि म्हणूनच लोक भलत्याच भाजीवर आळ घेतात.

निदानासाठी पॅच टेस्ट असते. पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या लावतात, ४८ तासांनी काढून बघतात आणि ७२ किंवा ९६ तासांनी पुन्हा बघतात. त्या दिवसांत पाठ भिजवायची नाही. एकदाच बघून सोडलं तर उशिरा येणारी ॲलर्जी निसटते.

तुम्ही स्वतः गवत उपटू नका, हातमोजे घालून घरातल्या दुसऱ्या कुणी फुलोऱ्याआधी उपटावं. सुकलेल्या गवतालाही हात लावू नका. लांब बाह्या, मानेला उपरणं, शेतातून आल्यावर आंघोळ आणि कपडे वेगळे धुणं. आजार वर्षानुवर्षं रेटला तर नंतर गवताशिवाय, नुसत्या उन्हानेही भडकायला लागतो. अशा रुग्णांना ॲझाथायोप्रिनसारखी गोळी रक्ततपासणी करत करत द्यावी लागते. तुम्ही 'ऊन लागलं की भडकतं' लिहिलंय, तेव्हा आता उशीर करू नका.

येळ्ळूरचा शेतकरी

ताई, उपकार झाले. पुढच्या आठवड्यात दाखवून घेतो. हे गवत खाणारा मेक्सिकोचा भुंगा सोडतात असं शेतीच्या मेळाव्यात ऐकलं होतं.

स्लाइडवाला (बेळगाव)

काका, तो झायगोग्रामा भुंगा. आपल्या कर्नाटकातच, बेंगळुरूमध्ये १९८४ साली पहिल्यांदा सोडला. पावसाळ्यात पानं फस्त करतो, पण उन्हाळ्यात जमिनीत दडी मारतो. गवत संपेल इतका पुरा पडत नाही.

खानापूरची सुमन

माझ्या आईचे तळहात. काजू कारखान्यात फोडणीला बसायची. हाताला तेल आणि राख चोळून बसतात सगळ्या जणी. कातडी काळी पडायची, सालपटं निघायची, हे तर सगळ्यांचंच. पण आईला मनगटापासून वर दंडापर्यंत पाणी भरलेले फोड यायचे. शेजारच्या आजी म्हणायच्या 'बिब्बा उतल्यागत झालंय'. काम सोडल्यावर कमी झालं, पण आता आंब्याच्या चिकाचा हात लागला तरी तेच. असं का?

त्वचावैद्य (सीमाभाग)

शेजारच्या आजींनी अचूक ओळखलं. काजू, बिब्बा, आंबा ही एकाच कुळातली झाडं. काजूच्या टरफलातलं तेल, बिब्ब्याचा रस आणि आंब्याचा चीक यांतली रसायनं एकमेकांना इतकी जवळची की एकाशी वैर शिकलेली टी पेशी दुसऱ्यालाही ओळखते. इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. टरफलाचं तेल मुळात दाहक आहे, ते कुणाच्याही हाताला भाजतं. हे सगळ्या जणींचं काळं पडणं, सालपटं. आईंचं मात्र तेल न लागलेल्या जागीही पसरत होतं, ही ॲलर्जी.

सुमन, आईंना सांग, आंबा खायचा असेल तर दुसऱ्या कुणी देठ काढून, धुऊन, साल काढून द्यावा. चीक देठाशी आणि सालीत असतो. तोंडाभोवती पुरळ आलं तर मात्र खायचा नाही. ही पेशींची आठवण वर्षानुवर्षं टिकते, 'काम सोडून खूप दिवस झाले' म्हणून ती जात नाही.

अनगोळची आई

माझ्या लेकीला दीड वर्षाची असल्यापासून इसब आहे. गुडघ्यामागे, कोपरात, गालावर. रात्रभर ओरबाडते. खाजेचं औषध दिलं तरी फरक नाही, नुसती पेंगते. हा पण सोरायसिसच का?

त्वचावैद्य (सीमाभाग)

नाही. ठिकाणं आणि वय सांगताय त्यावरून ॲटोपिक इसब वाटतो, तरी बघितल्याशिवाय पक्कं म्हणणार नाही. यात टीएच-१७ पेक्षा टीएच-२ ही जात पुढे असते आणि निरोप असतात आयएल-४, आयएल-१३, आयएल-३१. पहिले दोन कातडीचा बांध ढिला करतात. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन कातडीचं पाणी धरून ठेवतं. काही मुलांत त्याचा जनुकच कच्चा असतो (हे २००६ मध्ये कळलं), आणि ज्यांचा जनुक धड आहे त्यांच्यातही हे निरोप ते प्रथिन कमी बनवायला लावतात. बांध गळका झाला की धूळ, साबण, जंतू आत शिरतात, पेशी आणखी चेततात. आयएल-३१ थेट खाजेच्या मज्जातंतूंवर बसतं. तुमच्या औषधाचा उपयोग का होत नाही याचं उत्तर इथे आहे. ते औषध हिस्टामिन अडवतं. हिस्टामिन मास्ट पेशींतून येतं आणि पित्त उठतं तेव्हा तेच मुख्य असतं. इसबाच्या खाजेत त्याचा वाटा लहान.

करायचं काय? कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ, साबण कमीत कमी, अंग टिपून ओलसर असतानाच भरपूर मॉइश्चरायझर, दिवसातून दोनदा तरी, चट्टे नसतानाही. हिवाळ्यात आपल्याकडची कोरडी हवा लागली की आणखी एकदा. भडकलं की डॉक्टरने दिलेलं सौम्य स्टिरॉइड मलम सांगितलेले दिवस पूर्ण लावायचं. भीतीने अर्ध्यावर सोडल्यामुळे बिघडलेली मुलं मी खूप बघते. फार जास्त असेल तर आयएल-४ आणि १३ दोन्हींचा रस्ता अडवणारं ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन आहे, अमेरिकेत २०१७ पासून वापरात, पण महाग.

निपाणीची लेक

हा धागा रात्री दोनदा वाचला. माझ्या भावाला (वय ३४) सोरायसिस आहे. तंबाखूच्या वखारीत हिशेबाला आहे, सिगारेट ओढतो. गावोगाव फिरून औषध देणाऱ्या एकाकडून पुड्या आणल्या. 'शंभर टक्के जडीबुटी' म्हणाला. खरंच आठवड्याभरात अंग साफ झालं, घरात सगळे खूश. मग तो माणूस यायचा बंद झाला, पुड्या संपल्या, आणि भाऊ डोक्यापासून पायापर्यंत लालभडक झाला. आता थंडी वाजते, अंगावर बारीक पिवळे फोड आलेत. आई म्हणते औषधाने आतलं बाहेर काढलं, आता बरा होईल.

त्वचावैद्य (सीमाभाग)

आज घेऊन जा. आज. छोटा दवाखाना नको, जिथे दाखल करून घेतात अशा ठिकाणी.

आठवड्यात साफ करणाऱ्या बेनाव पुडीत बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. ते सगळ्या पांढऱ्या पेशींना एकदम गप्प करतं, म्हणून जादू वाटते. अचानक तुटलं की त्याच पेशी दुपटीने उसळतात, न्यूट्रोफिल कातडीत ओतले जातात. ते पिवळे फोड तेच आहेत, जंतूंचा पू नव्हे. अंगभर लाल झालेली कातडी उष्णता आणि पाणी धरून ठेवू शकत नाही, म्हणून थंडी वाजते. हृदयावर ताण येतो, रक्तातले क्षार बिघडतात. यात माणूस दगावू शकतो. आईंना माझं नाव सांगा, पण न्या.

निपाणीची लेक

नेतोय. मामा गाडी घेऊन आलेत.

चिकोडीचा आयुर्वेदप्रेमी

डॉक्टर, रागावू नका, पण सगळीच देशी औषधं अशी नसतात. बावचीचं काय? आमच्या घरात कोडावर बावची लावून उन्हात बसवायचे.

त्वचावैद्य (सीमाभाग)

रागवायचं कशाला, प्रश्न रास्त आहे. बावचीत सोरालेन असतं आणि ते खरंच काम करतं. सोरालेन देऊन ठरावीक अतिनील किरण देण्याची पुवा पद्धत १९७४ पासून सोरायसिसलाही वापरतात. किरणांनी कातडीतल्या टी पेशी मरतात. आता त्याऐवजी बहुतेक ठिकाणी ३११ नॅनोमीटरचा यूव्हीबी (अतिनील किरणांचाच एक प्रकार) देतात, त्याला सोरालेन लागत नाही, गरोदर बाईलाही चालतो. अडचण मापाची आहे. घरी वाटलेल्या बावचीत किती सोरालेन आणि दुपारच्या उन्हात किती किरण, हे कुणी मोजत नाही. मग मोठे फोड येतात.

कोडाचं निघालंच आहे तर एक. तिथेही टी पेशीच, पण सीडी-८ जातीच्या, रंग बनवणाऱ्या पेशींना मारणाऱ्या. तोही संसर्गजन्य नाही. मात्र फिकट किंवा लालसर चट्टा बधिर असेल, कापूस फिरवलेला कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. औषध सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो.

सांबरेकर

एक विचारू? चुलत्यांचा गुडघ्यावरचा चट्टा दरवर्षी जातो आणि दरवर्षी तिथेच, त्याच आकाराचा येतो. जागा कशी लक्षात राहते?

स्लाइडवाला (बेळगाव)

याचंच उत्तर मला सगळ्यात जास्त आवडतं. कातडीत टी पेशी किती असाव्यात? अंदाज दोन हजार कोटींचा आहे, रक्तात असतात त्याच्या जवळपास दुप्पट. त्यातल्या काही पेशी रक्तात परत जातच नाहीत, त्या जागच्या रहिवासी होतात. त्यांना निवासी स्मृती पेशी म्हणतात. चट्टा मावळला, वरून कातडी नितळ दिसायला लागली, तरी त्या तिथेच वरच्या थरात बसून असतात, आयएल-१७ बनवायची तयारी ठेवून. ऊस तोडला तरी जमिनीतल्या बुडख्याला खोडवा फुटतो, तसं. घसा बसला, खरचटलं, झोप मोडली, तेवढं निमित्त पुरतं.

त्वचावैद्य (सीमाभाग)

बरोबर. घसा म्हणालात ते महत्त्वाचं. लहान मुलांत स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा सुजून दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबाथेंबाचा सोरायसिस उठतो. चुलत्यांची बोटं सकाळी ताठ होतात का, नखांवर खड्डे आहेत का, हेही बघा. त्याच पेशी सांध्यात शिरतात, आणि सांधा एकदा झिजला की परत येत नाही.

औषधांविषयी दोन शब्द. मेथोट्रेक्सेट स्वस्त आणि चांगलं आहे, पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज घेतल्याने तोंड सोलून, रक्तपेशी घटून माणसं गेली आहेत. चिठ्ठी इंग्रजीत, दुकानदार कन्नडमध्ये समजावतो, घरच्या आजीला फक्त मराठी कळतं, अशा घरात हा घोळ सहज होतो. डबीवर ठळक मराठीत वार लिहून घ्या. गरोदरपणात अजिबात नाही, दारूबरोबर नाही.

नव्या इंजेक्शनांत सेक्युकिनुमॅब आयएल-१७ अडवतं, गुसेलकुमॅब आयएल-२३. टी पेशीवरच्या सीडी-६ ला पकडणारं इटोलिझुमॅब बेंगळुरूच्या बायोकॉनने २०१३ मध्ये सोरायसिससाठी बाजारात आणलं. मूळ रेणू क्यूबातल्या हवानाचा. यातलं काहीही सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी हवी. विशेषतः टीएनएफ (पेशींचा असाच आणखी एक निरोप) अडवणाऱ्या औषधांत, कारण क्षयाचे जंतू कोंडून ठेवणारं कुंपण टीएनएफवरच उभं असतं.

निपाणीची लेक

भाऊ दाखल आहे. ताप उतरला, आज चहा मागितला. इथले डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत. पुडीचा एक कागद मिळालाय, आत चिमूटभर पूड शिल्लक आहे. दाखवू का? आणि परवा कदाचित कोल्हापूरला हलवतील, बरोबर काय काय न्यायचं?

त्वचावैद्य (सीमाभाग)

छान बातमी दिलीत. पूड नक्की दाखवा, टाकू नका. बरोबर न्या: आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या, अगदी फाटक्या असल्या तरी, घेतलेल्या इंजेक्शनांची नावं, साखर, रक्तदाब, लिव्हरचे रिपोर्ट, छातीचा एक्स-रे असेल तर फिल्मसकट, इथल्या बायोप्सीचा रिपोर्ट, आणि लॅबकडून त्याची स्लाइडसुद्धा मागून घ्या. पुडी सुरू व्हायच्या आधीचा चट्ट्यांचा फोटो मोबाईलमध्ये असेल तर तो. रक्तदाबाची किंवा मलेरियाची गोळी चालू होती का तेही विचारून ठेवा, काहींनी सोरायसिस भडकतो. सिगारेटचं तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

स्लाइडवाला (बेळगाव)

ताई, स्लाइड मागताना लॅबमध्ये मेणाचा ब्लॉकही मागा. अर्ज लिहून दिला की देतात. स्लाइड कापसात गुंडाळून कडक डबीत ठेवा आणि ब्लॉक उन्हात, गाडीच्या काचेजवळ ठेवू नका, मेण वितळतं.